धोंड्याचं जेवण आणि पिना मारलेलं पोट

सूर्यभान मापाडी आयुष्यात कशालाच भ्याला नव्हता. शेवगावच्या मार्केट यार्डात ज्वारीचं पोतं एका हातानं काट्यावर सारणारा गडी. साप, सासरा आणि सरकार, तिघांपुढंही त्याची छाती तेवढीच पुढं. पण त्या सालच्या उन्हाळ्यात तो भ्यायला लागला, आणि भ्यायला लागला तो स्वतःच्याच पोटाला.

पोट त्याचंच होतं, पण आता त्यात डॉक्टरच्या पिना होत्या.

झालं असं होतं की, सूर्यभानचं वजन वाढत वाढत अशा थराला गेलं की तालुक्याच्या दवाखान्यातला काटा त्याला बघूनच टोकाला जाऊन थरथरत उभा राही. शेवटी तो यार्डातल्या पोत्याच्या काट्यावर उभा राहिला, तर हमालांनी सवयीनं "बारदान वजा करा" म्हणून आरोळी ठोकली. गुडघे गेले, शुगर निघाली, झोपेत श्वास अडकायला लागला. मग मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट उघडलं, आतल्या पिशवीवर पिनांची रांग मारली आणि वरच्या अंगाला जेमतेम अंड्याएवढी जागा जेवायला ठेवली. बाकीचं सगळं बंद.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाले होते. "आधी नुसतं पातळ, मग मऊ. घास चावून चावून त्याची पेज झाली की मगच गिळायचा. जेवताना पाणी नाही. पोट भरल्यासारखं वाटलं की थांबायचं, ताटात काय का उरेना. कणकेचं, चिकट अजून चालणार नाही. आणि काही अडकलं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. तडक दवाखाना."

"आन् न्हाई ऐकलं तर?"

"पिना सुटतील."

एवढंच. पण तेव्हापासून सूर्यभान शिंकतानासुद्धा पोट दोन्ही हातांनी धरायचा. बायकोनं, भागिरथीनं, उशीची खोळ शिवायला घेतली आणि दातानं दोरा तोडला, तर त्या आवाजानं हा ताडकन उठून बसला. "काय सुटलं गं?"

त्या दवाखान्यातच त्याला जयमालाताई भेटल्या. श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात शाळामास्तरीण. त्यांचं हेच ऑपरेशन वर्षभर आधी झालेलं. दोघं एकाच जिल्ह्यातले हे कळल्यावर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, "एकमेकांना धरून राहा. मी काही तुमच्या ताटाशेजारी बसायला येणार नाही." तेव्हापासून दर रविवारी सूर्यभान एसटीडी बूथवरनं ताईंना फोन करी. "ताई, दोन चमचे भात, तीन चमचे वरन. पोटात टिकलं." ताई तिकडून शाळेतल्यासारखं "शाब्बास" म्हणत. बूथवाल्याला वाटलं हे मटक्याचे आकडे. त्यानं दोन-तीन लावला आणि नेमका तो लागला. तेव्हापासून तो सूर्यभानला खुर्ची द्यायचा.

सगळं बरं चाललं होतं, आणि अधिक महिना आला.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतनं एकदा जावयाला सासुरवाडीला बोलावतात आणि पुरण भरलेले, तळलेले, तुपात बुडवलेले धोंडे खाऊ घालतात. सूर्यभानची सासुरवाडी पाथर्डी तालुक्यात. तीन वर्षांमागं त्यानं तिथं एका बैठकीला एकवीस धोंडे आणि वाटीभर तूप संपवलं होतं. गावानं तो आकडा जपून ठेवला होता. आता कारखाने बंद होऊन ऊसतोडीला गेलेलं गाव परत आलं होतं, हाताला काम नव्हतं, करमणूक नव्हती, आणि धाकटा मेव्हणा छगन घरोघर सांगत फिरत होता, "औंदा दाजी पंचवीस मारत्यात का न्हाई बघा!"

आणि सासुरवाडीला ऑपरेशनचं खरं कुणीच सांगितलं नव्हतं. हर्निया म्हणून सांगितलं होतं. ज्या मुलखात माणूस पोटासाठी कोयता घेऊन दोन जिल्हे तुडवतो, तिथं कमी खाता यावं म्हणून पोट शिवून घेतलं, हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

"मग जाऊ नका," जयमालाताई फोनवर म्हणाल्या.

"तसं कसं ताई? धोंड्याला न गेलेला जावई म्हंजे... आवो, सासू वर्षभर रडंल."

"मग जा आणि सांगून टाका."

"लोक हसत्याल."

"हसू द्या. हसण्यानं पिना सुटत नाहीत." ताई हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, मी कधी सांगितलं नाही तुम्हाला. भाच्याच्या लग्नात मी मटणाचा एक तुकडा न चावता गिळला होता. पंगतीत बसले होते, वाटलं, एका तुकड्यानं काय होतंय. छातीच्या मधोमध जाऊन बसला. थुंकीसुद्धा खाली जाईना, नुसता फेस वर यायचा. आणि मी लाजेनं गप्प राहिले. पाहुणे जाईपर्यंत थांबले, मग दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले. नगरला नेलं तेव्हा उभं राहता येत नव्हतं. नळी घालून काढला. मेलेच असते मी, त्या लाजेपायी."

सूर्यभाननं फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी पोट धरलं. आणि एवढं ऐकूनही त्यानं काय केलं? खरं सांगायचं सोडून युक्ती काढली.

युक्ती अशी. तो जाडजूड होता तेव्हाचा सदरा आता अंगावर तंबूसारखा लोंबत होता. आतून कमरेला टॉवेल झोळीसारखा घट्ट आवळायचा, वरची दोन बटणं उघडी ठेवायची, आणि धोंडा तोंडाकडं न्यायचा तो तोंड चुकवून सदऱ्यात सोडायचा.

"आवं, तूप ऊन असतंय," भागिरथी म्हणाली.

"पोट फुटन्यापेक्षा पोट भाजल्यालं बरं."

"मी आयला सांगू का सरळ?"

"गप बस. तुला माजी आन हाय."

जीप सासुरवाडीच्या वेशीत शिरली आणि सूर्यभाननं आतला टॉवेल पुन्हा आवळला. अंगणात मांडव, मांडवात सतरंज्या, आणि सतरंज्यांवर अख्खं गाव. मधोमध एकच पाट, एकच ताट. त्याला ते ताट नाही, ऑपरेशनचं टेबल वाटलं.

"आले आले! जावईबापू आले!" सासू बनुबाई पदर सावरत पुढं आली. त्याच्याकडं बघून तिचा चेहरा पडला. "आगं बया! निम्मं ऱ्हायलं की हो लेकरू! काय खायाला घालती का न्हाई ही भागी?"

"हर्निया हुता मामी," सूर्यभान कसाबसा म्हणाला.

"मंग आज भरून काढा."

औक्षण झालं, टोपी-टॉवेल झाला आणि धोंडे आले. परातीत रचलेले, तुपानं चकाकणारे. सूर्यभानला तो वास एके काळी वेशीवरनं ओळखू यायचा; आज त्याला त्यात स्वतःचं मरण दिसत होतं. त्यानं पहिला धोंडा उचलला, तोंडाशी नेला, मान खाली घातली आणि दिला सोडून. धोंडा छातीवरनं घरंगळत थेट बेंबीवर जाऊन बसला. चटका असा बसला की डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, डोळं भरून आलं!" बनुबाई बायकांना म्हणाली. "सासरच्या धोंड्याची चवच तशी."

दुसरा. तिसरा. छगन मोठ्यांदा मोजत होता. दाजींचा वेग बघून पोरं शिट्ट्या मारत होती. सदऱ्यातले धोंडे एकमेकांना चिकटत होते, तूप टॉवेलातनं खाली झिरपत होतं, आणि अंगणातली दोन कुत्री येऊन पाटाला खेटून बसली होती. सगळ्यात भारी म्हणजे सदरा खरोखरच फुगत चालला होता.

"आर तिच्या! पोट वर आलं बघ दाजींचं!"

"पंधरा!" छगन ओरडला. "दाजी, अजून जागा हाय का?"

"हाय की," सूर्यभान म्हणाला. आणि खरंच होती.

पण बनुबाई उठली. तिनं परातीतला सगळ्यात मोठा धोंडा उचलला, त्याचे दोन भाग केले, आणि म्हणाली, "आता माज्या हातनं एक घास."

सूर्यभान पाटावरच मागं सरकला. "मामी, नगं... मी घेतो की हातानं..."

"आ करा."

"मामी..."

"आ करा म्हनते ना. दुखन्यातनं उठल्यालं लेकरू. माजी शपत हाय."

गाव बघत होतं. भागिरथीनं डोळे मिटले होते. सूर्यभाननं आ केला आणि अर्धा धोंडा तोंडात आला.

तो चावायला लागला. चावला, चावला, चावतच राहिला. पेज करायची, डॉक्टर म्हणाले होते, पेज. पण कणिक चिकट, टाळूला बसली, आणि समोर बनुबाई दुसरा अर्धा घेऊन उभी.

"गिळा की जावईबापू. म्हशीवानी रवंथ काय करताय?"

लोक हसले. सूर्यभानलाही हसू आलं, आणि त्या हसण्यात, त्याला नको असताना, एक गोळा घशातनं खाली सटकला.

आधी काहीच झालं नाही. मग छातीच्या मधोमध कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं झालं. तो दाब वर जाईना, खाली जाईना. तोंडात पाणी सुटलं, त्याचा फेस झाला. जयमालाताईंचं एकेक वाक्य त्याला आठवलं आणि अंगाला दरदरून घाम फुटला.

"ठसका लागला! पानी आना!" छगननं पाठीत असा बुक्का घातला की सूर्यभान पाटावरनं उठून उभा राहिला. आणि कमरेचा तुपानं बुळबुळीत झालेला टॉवेल सुटला.

सदऱ्याखालनं धोंडे पडायला लागले. एक, दोन, मग चिकटलेला चार-पाचांचा लगदा. तूप, पुरण, सगळं सतरंजीवर.

मागनं एक बाई किंचाळली, "आगं बया, हर्नियाचं टाकं फुटलं! धोंडं भाईर आलं!"

मग काय विचारता. बायका रडायला लागल्या, पोरं पळाली, म्हातारे देवाचं नाव घ्यायला लागले. एकानं धोंडे गोळा करून परत पोटात घालायला म्हणून पितळी ताट पुढं केलं. बनुबाई मटकन खाली बसली. "मी मारलं गं! माज्या हातानं मारलं जावयाला!" कुत्र्यांनी मात्र कसलीच शंका न घेता खायला सुरुवात केली.

आणि सूर्यभान? धोंडे त्यानं स्वतःच आत टाकले होते, स्वतःच्या हातानं. तरी पायाशी पडलेलं ते पुरण बघून त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. सुटल्या, पिना सुटल्या. त्यानं सदरा वर केला. कातडी भाजून लाल झालेली, पण अखंड होती. शिवणीचा वण जागच्या जागी. फक्त छातीतला तो अंगठा तसाच दाबून बसलेला.

तेवढ्यात छगन सोड्याची बाटली घेऊन आला. "दाजी, ह्ये एका दमात प्या, मोकळं हुईल." मागनं एक म्हातारा पोट चोळायला बाह्या सावरून येत होता. बनुबाई ओव्याचं पाणी मागत होती. आता काय अवघड होतं? ठसका लागला म्हणायचं, एक घोट प्यायचा, आत जाऊन पडायचं. अब्रू अजून निम्मीअर्धी शिल्लक होती. आणि पाहुणे जाईपर्यंतच तर थांबायचं होतं.

पाहुणे जाईपर्यंत. ताईसुद्धा तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या.

त्यानं सोड्याची बाटली हातानं बाजूला सारली. फेस पुसला. "कुनी हात लावू नका," तो म्हणाला. "हर्निया न्हवता. कमी खाया यावं म्हून म्या पोटाला पिना मारून घेतल्यात. घास अडकलाय. मला नगरला न्या."

कुणी हसलं का? एक-दोघं हसलेही असतील. सूर्यभानला ऐकू आलं नाही. छगन जीपवाल्याला हाका मारत पळाला होता.

रेशन दुकानात गावातला एकुलता फोन होता. भागिरथीनंच बेलापूरला लावला. शेजारच्यांनी ताईंना बोलावून आणलं. भागिरथीनं कसंबसं सांगितलं, मग रिसिव्हर नवऱ्याच्या कानाला धरला.

"दादा, बोलू नका, नुसतं ऐका," ताई म्हणाल्या. त्यांचाही श्वास लागलेला. "पाणी प्यायलात का? नाही ना? शाब्बास. काही पिऊ नका, कुणाला पोट दाबू देऊ नका. थुंकी गिळू नका, थुंकत राहा. निघा. मी मिळेल त्या एसटीनं येते. ज्या डॉक्टरांनी माझा काढला त्यांनाच फोन करून ठेवते. दादा, आज घाबरा तुम्ही. भरपूर घाबरा."

जीपमध्ये भागिरथीच्या मांडीवर पातेलं होतं आणि सूर्यभान त्यात फेस थुंकत होता. प्रत्येक खड्ड्याला त्याला वाटायचं, आता. करंजी घाट उतरताना त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. पलीकडं बनुबाई बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपणच चढली होती. तिनं अख्ख्या वाटेत एकच विचारलं, "भागे, तू तरी सांगायचं हुतं गं मला." सूर्यभाननं पातेल्यातनं तोंड वर काढून स्वतःकडं बोट दाखवलं.

नगरच्या डॉक्टरांनी घशात नळी घातली. ओकारी, गुदमर, डोळ्यांपुढं काजवे. मग कुणीतरी म्हणालं, "निघाला." चिमट्यात कणकेचा गोळा होता, बोराएवढा. एवढ्याशा गोळ्यानं एवढा मोठा माणूस आडवा केला होता. मग पांढरंफेक, खडूसारखं औषध पाजून फोटो काढला. डॉक्टर तो उजेडाकडं धरून बघत राहिले, आणि तेवढा वेळ सूर्यभान श्वास घ्यायचा विसरला.

"पिना जागेवर दिसतायत," डॉक्टर म्हणाले. "या वेळी. आता परत पातळपासून सुरुवात. हा फोटो मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून या. रात्रभर थांबला असतात तर मी काही सांगू शकलो नसतो."

जयमालाताई आल्या तेव्हा तो खाटेवर बसला होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि त्याचा हात धरून बसल्या. त्यांचा हात त्याच्या हातापेक्षा जास्त कापत होता.

"तुमाला काय झालं, ताई?"

"एसटीत सगळं परत आठवलं," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं, दादा. अजून रोज पहिल्या घासाला भीती वाटते. म्हटलं तुम्हाला सांगावं, एकट्यालाच वाटते असं समजू नका."

सिस्टरनं पाण्याची वाटी आणि चमचा आणून ठेवला. एक चमचा द्या म्हणाली, हळू. बनुबाईनं सवयीनं चमच्याला हात घातला, मग चटका बसल्यासारखा मागं घेतला आणि चमचा ताईंच्या हातात दिला.

सूर्यभाननं ते पाणी तोंडात घेतलं, बराच वेळ तिथंच ठेवलं, आणि गिळलं. छातीवर हात ठेवून तो थांबला. ताईही थांबल्या, भागिरथी थांबली. बनुबाईनं पदर तोंडात धरला होता.

"गेलं का खाली?" तिनं हळूच विचारलं.

"थांबा मामी," सूर्यभान म्हणाला. "अजून कळना."