तिसऱ्या पायाचा बूट

मित्रांनो, मला तीन पाय आहेत आणि त्यातला एक बाकीच्या दोघांपेक्षा बोटाच्या जाडीएवढा आखूड आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी सगळी गोष्ट त्या पायावर उभी आहे. मी एक जुना ट्रायपॉड. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसतो तो स्टँड. फोटोखाली माझं नाव कधीच नसतं. नसू दे. फोटो हललेला नसेल तर खाली मी होतो असं समजायचं.

जन्म कारखान्यात झाला. नळीत नळी सरकवली, वर मान बसवली, मानेला घट्ट करायचा स्क्रू दिला आणि प्रत्येक पायाला काळा रबरी बूट घातला. तिन्ही पाय तेव्हा सारखे होते. माझी ऐट बघायला हवी होती.

पहिली नोकरी एका फोटो स्टुडिओत. पासपोर्टचे फोटो. हनुवटी वर, डोळे उघडे, झालं, पुढचा. वर्षानुवर्षं मी तेच एक स्टूल आणि त्याच्यामागचा तोच निळा पडदा बघत उभा होतो. मग स्टुडिओवाल्याचे हात थरथरायला लागले आणि त्याने दुकान आवरलं. मला कोपऱ्यात ठेवलं. माझ्यावर लोक ओल्या छत्र्या अडकवायला लागले. छत्री वाईट नसते हो, पण ती रोज आपल्या अंगावर पाणी गाळते तेव्हा कळतं आपली किंमत काय राहिली ते.

तिथून मला सोडवलं ते केमिस्टबाईंनी. त्या औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात. दिवसभर गोळ्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायची, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यांना अक्षर नसलेलं काहीतरी बघावंसं वाटतं. जुना कॅमेरा विकत घ्यायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तो कोपऱ्यातला पण द्या."

"छत्रीसकट?" स्टुडिओवाल्याने विचारलं.

"छत्री तुम्हाला राहू दे."

आणि मी उजेडात आलो. चार भिंतींत आयुष्य काढलेल्या मला पहिल्यांदा गवत लागलं पायाला. बाई फुलांचे आणि डोंगरउतारांचे फोटो काढायच्या. पावसात दगडावरचं शेवाळ, थंडीत कोळ्याच्या जाळ्यावरचं दव, उन्हाळ्यात भिंतीच्या फटीतून डोकं काढलेलं एखादं पिवळं रानफूल. त्यांचे मिस्टर बस चालवतात. ते सोबत यायचे ते छत्री धरायला. वारा आला की फूल हलतं, म्हणून वाऱ्याच्या बाजूला छत्री आडवी धरायची.

"अहो, हलू नका."

"मी कुठे हलतोय, फूल हलतंय."

"मग त्याला सांगा."

"मी बसमधल्या माणसांना सांगतो सरकायला, ती ऐकत नाहीत. फूल काय ऐकणार."

असे आमचे दिवस. बाईंचे कॅमेरे बदलले, एक बिघडला, एक विकला, तिसरा आला. मी तोच. एकदा पाणथळ जागेत निळ्या रानफुलासाठी उभा असताना माझा तिसरा पाय चिखलात रुतला. उपटून काढला तर बूट आतच राहिला. मिस्टरांनी कोपरापर्यंत हात घालून शोधला, मिळाला फक्त चिखल. तेव्हापासून तो पाय नुसत्या लोखंडी टोकावर उभा राहतो. बाई म्हणाल्या, "राहू दे, आपण सांभाळून घेऊ." आणि खरंच घेतलं. कधी खाली चपटा दगड, कधी मान जराशी तिरकी. मला लंगडा म्हणणारे बरेच भेटले. माझ्यामुळे हललेला एकही फोटो मात्र कुणी दाखवू शकलं नाही.

मग आलं काकूंचं जर्दाळूचं झाड.

बाईंच्या ओळखीच्या या काकू गावाबाहेरच्या उतारावर एकट्या राहायच्या. अंगणात दगडी बाक, समोर कमरेएवढी दगडी भिंत, भिंतीपलीकडे ते झाड. काका गेल्यावर उतार विकायचं ठरलं. नवा मालक झाडाचा बहर झाला की सगळं सपाट करणार होता, आणि काकू मुलाकडे जाणार होत्या, शहरात, चौथ्या मजल्यावर. त्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते.

"पोरी," काकू बाईंना म्हणाल्या, "मला या बाकावरून दिसतं तसं हे झाड काढून दे. चारही ऋतूंतलं. एका ओळीत लावायचंय. आणि माझी भिंत मधे तुटता कामा नये. आम्ही दोघांनी रचलीय ती. एक दगड त्यांचा, एक माझा."

ऐकायला सोपं वाटतं. पण चार फोटो शेजारी शेजारी लावल्यावर भिंतीची रेघ एकातून दुसऱ्यात सरळ जायची तर कॅमेरा वर्षभर तसूभरही इकडचा तिकडे होता कामा नये. बाईंनी बाकापाशी तीन चपटे दगड जमिनीत पक्के बसवले. मिस्टरांनी छिन्नीने प्रत्येकात एक खळगा पाडला. माझे पाय पूर्ण उघडून तीन खळग्यांत ठेवले. मग बाईंनी भिंत फ्रेममध्ये अगदी आडवी आणली, मानेचा स्क्रू आवळला आणि त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब सोडला. स्क्रू कुणी हलवला तर थेंब तडकेल, लगेच कळेल.

"आता वर्षभर याची मान कुणी फिरवायची नाही," बाई म्हणाल्या.

"सासूबाईंनी मला पण हेच सांगितलं होतं लग्नात," मिस्टर म्हणाले.

पावसातला फोटो झाला. ओलं काळं खोड, दाट हिरवी पानं. पानगळीतला झाला, सगळं पिवळं. थंडीतला झाला, नुसत्या काड्या आणि भिंतीवर पांढरं दव. तिन्ही फोटो बाईंनी जुळवून बघितले. भिंत एका रेघेत. मी मनात म्हटलं, करा की लंगडा लंगडा.

उरला होता बहर. आणि बाई दुकानातल्या शिडीवरून पडल्या. वरच्या फळीवरचा खोका काढताना. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाय सरळ ठेवून पडून राहायचं. त्या दवाखान्यात असताना मी घरी कपाटाशेजारी उभा होतो, आणि तिथे मला त्यांच्या धाकट्या भावाने गाठलं.

या भावाला घरात सगळे पान्या म्हणतात, कारण त्याच्या हातात कायम पाना असतो. त्याला मोडकं काही बघवत नाही. बहीण दवाखान्यात, मग आपण काय करायचं? त्याने माझा तो उघडा पाय बघितला, कुठूनतरी नवा कोरा रबरी बूट आणला, आत गोंद भरला आणि घट्ट बसवला. वरून तिन्ही पाय पुसून चकचकीत केले.

खरं सांगतो मित्रांनो, मला बूट आवडला. कितीतरी वर्षांनी तिन्ही पाय सारखे. मी आरशात बघितलं असतं, पण कपाटाचा आरसा पलीकडच्या दारावर होता.

झाड बहरलं तेव्हा बाई घरी आल्या होत्या, पण दारापर्यंतसुद्धा चालता येत नव्हतं. मिस्टरांना त्यांनी बजावून पाठवलं. तीन पाय तीन खळग्यांत, मानेला हात लावायचा नाही, डोकं वापरायचं नाही, बटण दाबायचं आणि परत यायचं. मिस्टरांनी अगदी तेच केलं. दुपारी बाईंनी लॅपटॉपवर फोटो उघडला. भिंत एका बाजूला कलली होती आणि झाडाचा शेंडा फ्रेमबाहेर.

"मानेला हात लावलात?"

"आईशप्पथ नाही. नेलपॉलिश बघ, जशीच्या तशी आहे."

"भिंत वाकडी आलीय."

"हो, दिसलं मला. मला वाटलं खचली असेल. काकू जाणार म्हणून तिने पण अंग टाकलं."

"भिंत खचली असं वाटलं आणि तरी बटण दाबून आलात?"

"तूच म्हणालीस डोकं वापरू नका."

बाईंनी लॅपटॉपवर फोटो सरळ करून बघितला. भिंत आडवी झाली, पण कडा कापल्या गेल्या आणि शेंड्याचा गेलेला बहर काही परत येईना. मिस्टर म्हणाले, बातम्यांत सांगतायत, रात्रीपासून वारा सुटणार. जर्दाळूचं फूल वाऱ्यापुढे किती टिकतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"त्याला इकडे आणा," बाई म्हणाल्या. म्हणजे मला.

त्यांनी डोळे मिटून माझ्या पायांवरून हात फिरवला. पहिला. दुसरा. तिसऱ्याच्या टोकाशी बोटं थांबली. तेवढ्यात पान्या डबा घेऊन आत आला आणि खूश होऊन म्हणाला, "बघितलंस ना ताई? आता लंगडत नाही."

मग मिस्टर म्हणाले, "मेहुणे, डबा खाली ठेवा आधी."

बाईंनी त्याला सांगितलं. ओरडल्या नाहीत. दगडातले खळगे आखूड पाय धरून पाडलेत, मान आखूड पाय धरून आवळलीय. याचा पाय लांब झाला की वरचं सगळं कलतं. पान्याचा चेहरा पडला.

"काढतो ना मग."

"काढ."

"पण तो गोंद... जन्मात निघणार नाही असा आहे, ताई."

"मग तुझाच जन्म कामी लाव."

पान्याने ओढून बघितलं, गरम पाण्यात बुडवून बघितलं. करवतीला हात घातला तेव्हा बाई नुसत्या खोकल्या, त्याने ती परत ठेवली. शेवटी मला मांडीवर आडवा घेऊन तो ब्लेडने रबराचा पापुद्रा पापुद्रा सोलायला बसला. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकून गेलं तरी तो सोलतच होता. टोकाचं लोखंड उघडं पडल्यावर त्याने चिकटलेला गोंदसुद्धा खरवडून काढला. बाईंनी टोकावर अंगठा फिरवला. "हं," म्हणाल्या, "आला परत." मला त्या बुटाचं थोडं वाईट वाटलं. पण त्या अंगठ्याची ओळख जुनी होती.

सकाळी मिस्टर आणि पान्या मला घेऊन उतारावर पोचले तेव्हा वारा पोचला होता. अर्ध्या पाकळ्या खाली. काकू शाल पांघरून बाकावर बसल्या होत्या. तीन पाय तीन खळग्यांत गेले. फोनवर बाई.

"भिंतीचं डावं टोक कुठे आहे?"

"फ्रेममधल्या खालच्या रेघेवर," मिस्टर म्हणाले.

"उजवं?"

"त्याच रेघेवर. भिंत सरळ झाली गं."

"भिंत कधी वाकडी नव्हतीच. वारा थांबायची वाट बघा."

वारा थांबेना. मला वाऱ्याचे धक्के बसायला लागले, मी हलका ना. तेव्हा पान्याने आपली पान्यांची जड पिशवी खांद्यावरून काढली आणि माझ्या पोटाखालच्या हुकाला अडकवली. "हे चालेल का ताई?" त्याने फोनमध्ये विचारलं. त्याने असं विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"चालेल. पिशवी झोके घ्यायची थांबली की सांग."

पिशवी थांबली. मी जमिनीत रोवल्यासारखा झालो. मग एका क्षणी फांद्यांनी पण दम घेतला, आणि मिस्टरांनी बटण दाबलं. फांद्यांवर अर्धा बहर, भिंतीवर अर्धा.

काकूंच्या चौथ्या मजल्यावर मी स्वतः गेलोय. बाईंना तेव्हा जिना चढायला आधार लागायचा, तर काठी घ्यायला त्या तयार नाहीत. मला मिटून हातात धरलं, तिसऱ्या पायाची नळी जराशी बाहेर ओढून, उघडं टोक खाली. प्रत्येक पायरीवर टक, टक. वर पान्याने खिळे ठोकले, विचारून विचारून. चार फोटो एका ओळीत लागले.

काकू उठल्या. पहिल्या फोटोत भिंतीच्या टोकावर बोट ठेवलं आणि चालत निघाल्या. पावसातून पानगळीत, पानगळीतून थंडीत, थंडीतून बहरात. रेघ कुठेच तुटली नाही. शेवटच्या फोटोत पाकळ्यांनी झाकलेल्या एका दगडापाशी बोट थांबलं.

"हा माझा. उलटा बसवला होता मी," त्या म्हणाल्या. "यांनी शेवटपर्यंत चिडवलं मला, पण कधी बदलू दिला नाही."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी कोपऱ्यात उभं असेल. त्याला पुसा, तेल द्या, त्याच्यावर ओल्या छत्र्या अडकवू नका. पण पाना उचलायच्या आधी जरा विचारा, हा असा का उभा राहतो. त्याच्या वाकडेपणावर कुणाची भिंत सरळ उभी असेल, तुम्हाला काय माहीत.

बाईंचा गुडघा आता बरा आहे. माझ्या मानेवरची नेलपॉलिश त्यांनी परवाच खरवडली, कारण नदीकाठच्या तळ्यात पांढरी कमळं उमललीत. उद्या निघायचंय. दोन बूट, तीन पाय. मी तयार आहे.