डास मंडळाची सभासद

मर्ना हॅस्केट आयडाहोतून मोंटानातल्या डेल क्रीकला आली ती एका जुन्या पिकअपमधून, सत्तेचाळिसाव्या वर्षी नर्स व्हायचंच असा हट्ट घेऊन. तिथल्या सरकारी विद्यापीठात राज्यातल्या माणसाला फी कमी, बाहेरच्याला तिप्पट. पूर्ण पदवीची तिप्पट तिला सात जन्मांत झेपली नसती. म्हणून रहिवासी ठरायच्या नियमाप्रमाणे वर्षभर पुस्तकाला हात न लावता तिने बेकरीत पाव भाजले, गाडीची नंबरप्लेट बदलली, लायसन्स बदललं, टॅक्स इथे भरला, मतदार झाली आणि मग रहिवासी म्हणून अर्ज टाकला.

विद्यापीठाने नाही म्हटलं. बाई फक्त शिकायला आलीय, तिची मुळं इथे दिसत नाहीत.

"मुळं म्हणे," ती घरमालक ऑर्विलला म्हणाली. "मी काय गाजर आहे?"

ऑर्विलने सल्ला दिला की अपिलात कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही, गपचूप गावी जा. असा सल्ला मिळाला की मर्नाच्या अंगात यायचं. तिने त्याच दिवशी अपील ठोकलं.

मे महिन्यात काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, निवडणूक होती. डास निर्मूलन मंडळाच्या एका जागेला उमेदवारच नव्हता. अशा वेळी मतपत्रिकेवर रिकामी ओळ असते, हवं ते नाव लिहा. गावकरी दरवेळी तिथे पोस्टमास्तरच्या कुत्र्याचं नाव लिहून खिदळायचे. मर्नाने बेकरीतल्या बायकांना, गिऱ्हाइकांना, इतकंच काय ऑर्विललाही आपलं नाव लिहायला लावलं. कुत्रा थोडक्यात पडला. काउंटीच्या क्लार्कबाईने तिला मंडळाची सभासद आणि या काउंटीची रहिवासी म्हणून रीतसर शपथ दिली.

जूनमध्ये तिने बेकरीतली सगळी शिल्लक ओतून एक उन्हाळी वर्ग तिप्पट फीत केला, आणि ऑगस्टमध्ये अपिलाची सुनावणी झाली. समितीत तिघं, अध्यक्ष प्रुएट नावाचे गृहस्थ. ते गालात हसत म्हणाले की डासांचं मंडळ म्हणजे काही मुळं नव्हेत. आणि पदवी मिळाल्यावर बाई इथेच राहतील याची हमी काय?

"तुम्ही राहाल याची हमी कुणी मागितली होती?" मर्नाने विचारलं.

मग ती आरामात खुर्चीत रेलली. मंडळात आम्ही तिघं, तिने सांगितलं. तुमच्या स्टेडियममागच्या नदीकाठी डासांची फवारणी करायची की नाही यावर एक हो म्हणाला, एक नाही, आणि माझ्या मताने फवारणी ठरली. उद्या गाडी येतेय. शनिवारी तुमचा फुटबॉलचा सामना आहे, नाही का?

"त्याचा इथे काय संबंध?"

"मी इथली रहिवासी नसेन, तर माझं मत बाद. मत बाद, तर फवारणी बाद. तुम्ही तसं लेखी द्या, साहेब. मी इथून तडक क्लार्कबाईकडे जाते."

"तुम्ही आम्हाला धमकी देताय?"

"छे. कायदा पाळतेय. रहिवासी कोण आणि कोण नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

त्यांनी तिला बाहेर बसवलं. आतून बराच वेळ कुजबुज ऐकू आली, मधेच एकदा कुणीतरी फसकन हसलं. दार उघडलं तेव्हा प्रुएटचा चेहरा लिंबू चोखल्यासारखा होता. चालू सत्रापासून रहिवासी, ते म्हणाले, अभिनंदन.

मर्ना जागची हलली नाही.

"मी तर मेपासून शपथ घेतलेली रहिवासी आहे," ती म्हणाली. "उन्हाळी वर्गाची तिप्पट फी घेतलीत माझ्याकडून. ती कोणत्या खिडकीवर परत मिळते?"