शंखाच्या मधोमध नळ

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. इतका जुना, की मी घडलो तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता. आज मी अंबरनाथमधल्या एका फ्लॅटमध्ये बेसिनखालचा कट्टा होऊन पडलो आहे. पण मी मूळचा समुद्राचा.

कच्छमध्ये आज जिथे कोरडं रान आहे, तिथे एके काळी उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ साचत गेला आणि त्याचाच मी झालो. त्या गाळात एक शंखवाला जीव येऊन निजला. त्याचं मांस विरून गेलं, पण वेटोळ्यांचा शंख मी कोट्यवधी वर्षं कुशीत जपला. यालाच तुम्ही जीवाश्म म्हणता.

खाणीतून निघून मी उल्हासनगरच्या एका लाद्यांच्या दुकानात आलो. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून नाक मुरडत. "इसमें दाग है," म्हणत पुढे जात. एकदा नूतनबाई घरासाठी लाद्या बघायला आल्या. बेलवलीच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. मला पाहून त्या धुळीतच बसल्या.

"शेठ, हा डाग नाही हो, हा समुद्र आहे!"

शेठला हसू आलं. त्याने मला फुकटच देऊन टाकलं.

शाळेच्या व्हरांड्यात माझे सुखाचे दिवस गेले. बाई मुलांना सांगत, "नुसतं बघू नका, हात लावा." सहावीतली शलाका तर रोज यायची. शंखाच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवत फिरवत ती अगदी मध्यापर्यंत जायची. या जिवाचं आयुष्य तिथूनच सुरू झालं, हे बाईंनीच तिला शिकवलं होतं. तिने मला नावही दिलं होतं, 'गोगलू'.

पुढे बाई निवृत्त झाल्या. शाळेची जुनी इमारत पाडायचं ठरलं. मला कुठे न्यावं, या काळजीने बाईंना झोप लागेना. तेव्हा शलाका आली. आता ती लोकांची घरं सजवण्याचं काम करत होती.

"बाई, मला द्या ना. ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवते."

"तुझ्याशिवाय कोणाला देणार गं?" बाई म्हणाल्या. मीही निर्धास्त झालो.

पण टेम्पो तिच्या ऑफिसकडे वळलाच नाही. तो दगड कापायच्या कारखान्यासमोर थांबला.

"मॅडम, इसमें शंख है," कारागीर कचरत म्हणाला.

"म्हणून तर! क्लायंटला काहीतरी हटके पाहिजे. बीच में से काटो."

पातं फिरलं. माझे दोन काप झाले. दुसरा काप कुठे गेला, मला आजही ठाऊक नाही. नंतर नळासाठी भोक पाडलं, तेही नेमकं शंखाच्या मधोमध. ती जागा शलाकानेच बोट ठेवून दाखवली.

आपलं काम दाखवायला तिने बाईंना मोठ्या हौसेने या घरी बोलावलं. बाई पेढे घेऊन आल्या. हात धुवायला म्हणून बेसिनपाशी गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. नळ वाहतच राहिला.

"मस्त दिसतोय ना, बाई?" शलाका मागून म्हणाली. "पेटीत नुसता पडून राहिला असता."

"अगं, मी तुला जपायला दिला होता."

"पण सगळे कौतुक करतात..."

बाईंनी नळ बंद केला आणि पदराने मला कोरडं केलं. घरमालकीण सोनियाने विचारलं, "आंटी, ये क्या है?" तेव्हा बाईंनी तिचं बोट धरून उरलेल्या वेटोळ्यावरून फिरवलं आणि सगळं सांगितलं. अ‍ॅसिडने चुन्याचा दगड झिजतो, हेही सांगितलं. सोनियाने अ‍ॅसिडची बाटली त्याच दिवशी घराबाहेर काढली.

"बाई, घरी सोडते ना तुम्हाला," शलाका म्हणाली.

"नको. मिळेल रिक्षा."

मित्रांनो, खाणीतल्या घावांचा मला राग नाही. ते हात अनोळखी होते. ज्या बोटाने मला माया लावली, त्याच बोटाने भोकाची जागा दाखवली, हे मात्र सलतं. म्हणून एवढंच मागणं आहे. कुणी विश्वासाने काही जपायला दिलं, तर ते आपलं झालं असं समजू नका. ते फक्त आपल्यापाशी असतं.