सीटखालचा गंज

दिपिकाने सीट काढली, पेट्रोलची टाकी उचलून बाजूला ठेवली आणि चॅसिसच्या पाईपवर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं. ते आत घुसलं.

"आजी, ही गाडी कधी खाडीत बुडाली होती का?"

"तुझ्या आजोबांचं म्हणणं तसंच होतं," मी म्हणाले आणि निवडायला घेतलेले वाल पुढे ओढले.

माझी ही नात धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. शिफ्ट संपली की रोह्याजवळ वरसेतल्या आमच्या घरामागे, पत्र्याखाली, तिचं आजोबांच्या पडून राहिलेल्या गाडीशी चालायचं. ती तिला डर्ट बाईक म्हणते. नवी घ्यायची ऐपत नाही, म्हणून भंगारातून भाग शोधायचे आणि घासणं-रंगवणं घरीच करायचं, असा तिचा बेत. साखळी मी घमेल्यात डिझेलमध्ये भिजवून, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून दिली होती. इंजिन तिने खोललं तेव्हा आतून लख्ख निघालं. आता मात्र चॅसिसच गेली होती. रोह्यातल्या दोन गॅरेजवाल्यांनी भंगारात घाला म्हणून सांगितलं. तिसरा म्हणाला, पाईपात पाईप घालून जोडणारा एकच म्हातारा आहे, पेणला, नाथा म्हणून.

दिपिका खुश झाली. "आपले नाथाआजोबाच ना गो आजी?"

आपलेच. माझा धाकटा दीर.

आमचं मूळ गाव पेणच्या खारेपाटातलं. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाबाहेर मातीचा लांब बांध आहे, त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्याची राखण माझ्या नवऱ्याकडे, कमळाकरकडे होती. बांधावर चिखल, म्हणून त्याने पेणच्या मिस्त्रीकडून हीच जुनी गाडी तशी बदलून घेतली होती: उंच हँडल, दातेरी टायर, मागचं कॅरिअर कापून टाकलेलं. कॅरिअरच्या बोल्टांची भोकं सीटखाली उघडीच राहिली. तिकडे तेव्हा कुणी पाहिलं नाही.

खारा चिखल लोखंड खातो, म्हणून कमळाकर रोज संध्याकाळी गाडी धुवायचा, हंडाभर गोड्या पाण्याने. ते पाणी मी उन्हाळ्यात तासभर चालून डोक्यावरून आणायचे. घरात तीन पोरं. एका चैत्रात मधल्याला ताप आला, रात्री पाणी पाणी करायला लागला, आणि घरात तांब्याभर उरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही दमून येता, गाडी मी धुते. दोन महिने मी ती खाडीच्या पाण्याने धुतली. वरून बादली ओतायची, आणि मिठाचे पांढरे डाग दिसू नयेत म्हणून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. वरून गाडी चमकायची.

त्याच वर्षी श्रावणातल्या पुनवेला, दुपारच्या उधाणात, कमळाकरला बांधाच्या टोकाला लहानशी गळती दिसली. माणसं बोलवायला तो गावाकडे निघाला आणि वाटेत गाडीची चॅसिस सीटखाली तडकून गाडी बसली. तो धावत आला, लोक चिखलाच्या टोपल्या घेऊन धावले, पण तोवर बांधाला मोठी खांड पडली होती. तीन वर्षं गावात भात झालं नाही.

चॅसिस गंजलेली पाहून कमळाकरला नाथाच आठवला. त्याआधीच्या होळीत नाथाने गाडी दोन दिवस नेली होती, आणि मित्रांबरोबर ओहोटीच्या चिखलात तो उड्या मारायचा हे गावाला माहीत होतं. देवळापुढे, सगळ्यांसमोर, कमळाकर त्याला म्हणाला की तू गाडी बुडवलीस आणि गाव बुडवलंस. नाथाने शपथ घेतली. कुणी मानली नाही. मी बायकांत उभी होते. शेजारची बायजाबाई शेतासाठी रडत होती, आणि माझं तोंड उघडलं नाही.

महिन्याभरात नाथा पेणला गेला, वेल्डिंग शिकला. भाऊ एकमेकांशी पुन्हा बोलले नाहीत. कमळाकर गेला त्याला नऊ वर्षं झाली. नाथा अंत्ययात्रेला आला, लांब उभा राहिला आणि निघून गेला. आज सांगेन, उद्या सांगेन असं करत मी सत्तरीत आले.

चॅसिस टेम्पोत घालून आम्ही नागोठण्यावरून पेणला गेलो. नाथाने मला खुर्ची दिली. लोखंडावर हातोडी ठोकत, कान देत तो पुढे सरकत गेला. सीटखाली आवाज बसका आला तिथे त्याने पाईप कापला. मूठभर तांबडा भुगा खाली पडला.

"तुझा आजोबा म्हणायचा, मी बुडवली ही," तो दिपिकाला म्हणाला.

दिपिका वाकून बघत होती. "बुडाली असती तर इंजिनात पाणी गेलं असतं. ते साफ आहे. चाकांचे बेअरिंगसुद्धा. फक्त या भोकांखाली गेलंय. कुणीतरी वरून खारं पाणी ओतलंय, रोज."

नाथाने हातोडी खाली ठेवली. "दादाच धुवायचा. मंजे त्यानंच केलंन. आनि नाव माझं लावलंन."

दिपिकाने मान डोलावली. दोघांनी निकाल लावून टाकला होता. मी गप्प राहिले असते तर तोच निकाल राहिला असता, आणि ज्याने रोज गोडं पाणी मागितलं तो माणूस खोटा ठरला असता.

"मी धुतली," मी म्हटलं. मग ताप आलेल्या पोरापासून ओल्या फडक्यापर्यंत सगळं सांगितलं.

नाथाने तो भुगा पायाने बाजूला सारला.

"पेन काय लांब व्हतं, वयनी?"

मी खुर्चीवरून उठले.

"आता मला सांगून काय उपेग नाय," तो म्हणाला. "दादा जिथं बोलला, तिथं सांग."

त्याने काळा चष्मा चढवला आणि काम सुरू केलं. संध्याकाळी जोड पुरा केला. मजुरी दिपिकाकडून घेतली, पुरी घेतली.

महिन्याने गाडी सुरू झाली. पहिल्या रविवारी मी दिपिकाच्या मागे बसले. गडबच्या पुढे माझी कंबर धरली, तरी थांब म्हटलं नाही. बाहेरकाठ्यावरून आम्ही गावात शिरलो. देवळापुढे पोरं गाडी बघायला जमली. तेव्हाची माणसं तिघंच उरली होती. मी त्यांना बोलावून घेतलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांतला पोपटभाऊ मान खाली घालून ऐकत राहिला. बायजाबाई म्हणाली, "तीन वरसं आमी रेशनचं खाल्लं गो." एवढंच बोलली आणि काठी टेकत घरी गेली.

परतताना पेणला थांबलो. नाथा दुकान बंद करत होता.

"कोन कोन व्हतं?"

मी तिन्ही नावं सांगितली. बायजाबाईसुद्धा होती का, हे त्याने पुन्हा विचारलं. मी व्हय म्हटलं.

चालवून बघा म्हणत दिपिकाने किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. गाडीपाशी उकिडवा बसला, सीटखाली हात घातला आणि अंगठ्याने जोड चाचपत राहिला.