आखूड दांड्याची पळी

मी एक जुनी लाकडी पळी आहे. माझा दांडा आखूड आहे, म्हणून जो तो मला मोडकी समजतो. मित्रांनो, मी मोडलेली नाही. मला कापलेलं आहे. कुणी आणि का, ते ऐका.

चीनमधल्या आन्हुई प्रांतातल्या एका खेड्यात म्याओबाबांनी मला तुतीच्या लाकडातून कोरलं. त्या वर्षी, १९५८ साली, सरकारच्या हुकमाने घराघरातल्या कढया, झारे, दाराच्या कड्यासुद्धा पोलाद करायला भट्टीत गेल्या होत्या. पोलाद कसलं, काळी ढेकळं निघाली! घरी शिजवायला भांडंच उरलं नाही, तेव्हा सगळं गाव कम्यूनच्या, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीच्या, भटारखान्यात जेवू लागलं. तिथली कढई इतकी खोल, की म्याओबाबांनी आधी काठी बुडवून तळ मोजला आणि मग माझा दांडा केला.

"दाणा खाली बसतो, पोरी," ते स्वयंपाकीण छिउहोंगला म्हणाले. "पळी तळाला टेकली नाही, तर माणसांना नुसतं पाणी पाजशील."

सुरुवातीला भात पोटभर होता. "पळी आहे की फावडं!" म्हणत लोक हसत वाडगी पुढे करायचे. ते माझे सुखाचे दिवस. थोडेच होते.

मग वरून हुकूम आला: भाताची रोपं खेटून लावा, पीक दसपट येईल. गटप्रमुख दिंगने विचारलं, कुणाची हरकत? म्याओबाबा तेवढे बोलले, "अहो, जिथं बोट शिरत नाही तिथं वारा कसा शिरेल? कुजेल सगळं."

कुजलंच. तरी दिंगने विक्रमी पीक आल्याचं वर कळवलं, आणि त्या थापेच्या मापाने गावाचं धान्य गाड्यांत भरून गेलं. कढईत उरली पातळ पेज. गुन्हेगार कोण ठरलं? म्याओबाबा! त्यांना भर सभेत गुडघ्यांवर बसवलं, क्रांतीचा शत्रू म्हटलं. शिक्षा अशी, की त्यांच्या वाडग्यात फक्त वरचं पाणी पडायचं.

छिउहोंगने ऐकलं नाही. त्यांची पाळी आली की ती मला तळापर्यंत नेई. एके दुपारी दिंगने पाहिलं.

"काय गं, शत्रूला दाट वाढतेस?"

"सगळ्यांनाच तळातलं वाढते, प्रमुख. दाट बघायचं असेल तर तुमच्या खोलीतलं पातेलं बघा."

दिंग हसला. त्याने करवत मागवली आणि म्याओबाबांच्या हातात दिली. "तूच केलीस ना ही पळी? तूच काप. दांडा हातभर कमी."

बाबांनी करवत लावली. "लाकूड बरं निघालं होतं," ते पुटपुटले, "कापायला जड जातंय." माझा भुसा त्यांच्या पायांवर पडला.

दुसऱ्या दिवशी छिउहोंगने बाही वर सारली. मला मुठीत धरलं आणि उकळत्या पेजेत कोपरापर्यंत हात घातला. मी तळाला टेकले. वाडगं भरलं. बाबांनी वाडग्याकडे पाहिलंच नाही, तिच्या हातावर टरारून आलेल्या फोडांकडे पाहत राहिले.

त्यानंतर ते रांगेत आले नाहीत.

छिउहोंग मला कमरेला खोचून, वाडगं घेऊन त्यांच्या दारी गेली. दाराला आतून बाकडं लावलेलं होतं.

"बाबा, उघडा ना! गार होतंय."

"हात बरा झाला की ये, पोरी."

हात बरा व्हायला तीन आठवडे लागले. दार त्याआधी, पाचव्या दिवशीच लोकांनी फोडलं. बाबा भिंतीला टेकून बसले होते, थंडगार.

आता छिउहोंग म्हातारी झाली आहे. मी तिच्या चुलीशेजारी खिळ्याला टांगलेली असते. त्या दुष्काळाबद्दल लोक म्हणतात, ती वर्षंच वाईट होती, पाऊस रुसला होता. खोटं! शेतात पाणी होतं. तालुक्याचं कोठार गच्च भरलेलं होतं आणि त्याला कुलूप होतं. गावाची पेज वरच्यांनी खाल्ली, आणि खरं बोललेला माणूस उपाशी मेला.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. कुणी दुष्काळाची गोष्ट सांगू लागला, की त्याच्या वरच्या पाण्यावर समाधान मानू नका. तळापर्यंत जा, हात भाजला तरी. आणि मला नवा दांडा बसवू नका. आखूडच राहू द्या. कुणीतरी विचारेल, हिचा दांडा कुठे गेला? तेव्हा म्याओबाबांचं नाव सांगा.