गिडियनचा जिना

एझ्रा पेटिफर्डचं अख्खं आयुष्य थॉर्नबरीसाहेबांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर गेलं, पण त्याने कधी त्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. त्याच्या बापानेही नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिल्या फळीत असलेल्या या पुढाऱ्याच्या तंबाखूच्या मळ्यात पेटिफर्डांच्या कित्येक पिढ्या गुलाम म्हणून राबल्या होत्या.

आणि आता संग्रहालय झालेल्या त्याच घरात एझ्राची नात मरीसा पाहुण्यांना माहिती सांगायच्या नोकरीला लागली होती.

"ज्यांनी आपल्याला विकलं, त्यांचे गोडवे गाणार ही!" म्हणत एझ्राने तिच्याशी अबोला धरला. शेवटी मरीसाच्या कामाच्या पहिल्या दिवशी एझ्राची थोरली बहीण हॅटी दारात गाडी घेऊन उभी राहिली.

"जन्मभर रुसलास त्या घरावर. घराला पत्ता तरी आहे का? चल, बस गाडीत."

"पुढच्या दाराने जाणार असलो तरच येईन."

"सगळे पुढच्याच दाराने जातात, वेड्या."

दिवाणखान्यात मरीसा गणवेश घालून ताठ उभी होती. आजोबांना बघून ती क्षणभर अडखळली, मग बोलू लागली.

"एवढं घर साहेबांनी बांधलं? कमाल आहे!" टोपीवाला एक पाहुणा म्हणाला.

"नकाशा साहेबांचा," मरीसा म्हणाली. "करवत गिडियनच्या हातात होती. हा वळणदार जिना त्याने घडवला. खाली एक खांब नाही, तरी अजून उभा आहे. गिडियन साहेबांचा गुलाम होता."

"पण साहेब त्यांना चांगलं वागवायचे ना?" एका बाईने विचारलं.

एझ्राची काठीवरची मूठ आवळली. आता ही काय सांगते?

"जिना पुरा झाला, त्याच वर्षी साहेबांनी गिडियनची धाकटी मुलगी विकली. सेली तिचं नाव. याला चांगलं म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा."

तिचा आवाज जराही कापला नाही. हॅटीने एझ्राला कोपराने ढोसलं.

"गिडियन म्हणजे माझ्या आजोबांचे पूर्वज," मरीसा म्हणाली, "आणि माझे आजोबा आज इथे आलेत. आजोबा, आधी तुम्ही चढा."

पाहुणे बाजूला सरले. एझ्रा कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागला. मध्येच थांबला, तसा एक तरुण आधार द्यायला पुढे झाला.

"दमलो नाही रे बाबा. लाकडाचा सांधा शोधतोय." त्याने कठड्यावरून पुन्हा हात फिरवला. "सापडतच नाही!"

वर पोचल्यावर तो मागे वळला. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "पेटिफर्डांचं काम आहे. बिनघोर या वर!"

सगळे हसले आणि त्याच्या मागोमाग चढले.

दुपारी झाडाखाली हॅटीने तळलेली कोंबडी वाढली. मरीसाने चाचरत विचारलं, "कशी बोलले, आजोबा?"

"भरभर बोलतेस. गिडियनचं नाव जरा सावकाश घेत जा, लोकांच्या कानात बसलं पाहिजे." मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, माझा बाप आज इथे असायला हवा होता."

जेवणानंतरच्या गटाबरोबर तो पुन्हा आत निघाला. "माझे पाय दुखतात, तू जा," म्हणत हॅटी बाकावरच बसली.

दारात शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या कानाशी लागून एझ्रा म्हणाला, "ती माहिती सांगणारी मुलगी दिसतेय ना? माझी नात आहे."

त्या माणसाने विचारलंही नव्हतं.