पूजेला बसलेला पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे, अशी सुरुवात करायची मला फार हौस होती. पण वर्षभर तसं म्हणताच येईना. जुनं व्हायचं तर आधी वापरात यावं लागतं. मी मात्र दाराआड उभा होतो, कोरा करकरीत, टाचेला साधी मातीही न लागलेला.

मी डावा पाय, गुडघ्याखालचा. पुण्याला लष्कराच्या ज्या केंद्रात हातपाय बनवतात, तिथे माझा जन्म झाला. गोरक्ष नावाच्या जवानाच्या उरलेल्या पायाचा साचा घेऊन त्यांनी माझी वाटी घडवली. त्या वाटीत तो पाय बसतो. वाटीखाली नळी, नळीखाली रबराचं पाऊल. पावलाला पाच बोटंसुद्धा कोरली. रंग मात्र दिला गव्हाळ, आणि गोरक्ष सायखेड्याच्या उन्हात वाढलेला, पक्का सावळा.

"साहेब, हा माझा नाही, माझ्या बायकोचा पाय दिसतोय," तो म्हणाला.

कारागीर हसला. गोरक्ष स्वतः हसला नाही.

माझ्या जागी आधी जो खरा पाय होता, तो सीमेवरच्या एका डोंगरात राहिला. एका सकाळी पलीकडून तोफा सुरू झाल्या आणि पहिल्याच गोळ्याने तो नेला. गोरक्षच्या तुकडीत हिरामण नावाचा जवान होता, चाळीसगावकडचा, अंगाने किडकिडीत. त्याने गोरक्षला पाठीवर घेतलं आणि खंदकाकडे धावत सुटला. खंदकात त्याला अलगद खाली सोडलं. आता स्वतः उतरणार, तेवढ्यात मागे दुसरा गोळा पडला. लोखंडाचा एक तुकडा हिरामणच्या पाठीच्या कण्यात शिरला. तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नाही. मुंगी चावलेलीही नाही आणि चटका बसलेलाही नाही.

म्हणून मी दाराआड होतो, मित्रांनो. पुण्याच्या केंद्रात गोरक्ष मला घालून शिकवल्याप्रमाणे चालला, साहेबांनी शाबासकी दिली. घरी आल्यावर त्याने मला उतरवलं ते उतरवलंच. कुबड्यांवर चाले. छायाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "ज्याने मला उचललं तो पडून राहणार आणि मी गावभर चालत हिंडू? कोणत्या तोंडाने?"

हिरामणचा फोन तो उचलत नसे. फोन वाजायला लागला की कुबड्या घेऊन झेंडूच्या वावरात जाई. एका जागी टिकत नसे. जेवता जेवता त्याचा डावा हात खाली जाई आणि बोटं हवेतच खाजवू लागत, जिथे पाय नव्हता बरोबर तिथे. मग दचकून हात वर घेई. मला वाटे, अरे, मी इथे आहे. मला जवळ घे, निदान खाजवायला काहीतरी हाताला लागेल.

गावाने त्याचे सत्कार मात्र भरपूर केले. शाळेने केला, सोसायटीने केला, दोन गणेश मंडळांनी केला. चौदा शाली जमल्या. प्रत्येक वेळी जीप घ्यायला येई, आणि परत सोडायला कोणाला वेळ नसे. त्याची आई रंगूबाई. तिला माझ्याकडे बघवत नसे. "उभा मेला भुतावानी," असं म्हणून तिने त्यातलीच एक शाल माझ्यावर टाकली. तर असा माझाही सत्कार झाला.

दसऱ्याला आठ दिवस उरले होते. छायाने फोन उचलला आणि सरळ गोरक्षच्या कानाला लावला. समोरून हिरामण आपल्या खानदेशी बोलीत ओरडला, "जिवंत शे का रे तू?"

गोरक्षने फोन स्वतःच्या हातात घेतला.

"ऐक. पुण्याच्या इस्पितळातून मला घरी सोडताहेत. खंडेनवमीला दुपारी बाराला गाडी मनमाडला येते, दहा मिनिटं थांबते. तू यायचं. कुबड्या घेऊन नाही, चालत. मी पोचवलेला माल नीट आहे की नाही, ते मला बघायचंय."

"हिरामण, मी..."

"मला उठून बघता येत नाही, भाऊ. तू ये."

त्या दिवशी शाल निघाली. गोरक्षने मला चढवलं आणि आम्ही झेंडूच्या दोन ओळींमधून चालायला लागलो. पहिल्या दिवशी वीस पावलं. उरलेला पाय वर्षभरात आक्रसला होता, वाटीत डुगडुगत होता. त्याने एकावर एक तीन मोजे चढवले. दुसऱ्या दिवशी कातडी सोलली. तिसऱ्या दिवशी तो पडला आणि मला आईमाईवरून शिव्या दिल्या. मला आई नाही, तरी बरं वाटलं. इतके महिने कोणी माझ्याशी बोललंच नव्हतं! सातव्या दिवशी विहिरीपर्यंत जाऊन आम्ही परत आलो. रंगूबाई फुलं तोडत होती. तिने मान वर करून पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि पुन्हा फुलं तोडू लागली.

खंडेनवमी उजाडली. छाया पहाटेच पिकअप घेऊन नाशिकच्या बाजारात फुलं द्यायला गेली होती. गोरक्षचा पाय गेल्यावर ती गाडी चालवायला शिकली होती. गोरक्ष अंघोळीला बसला होता. रंगूबाई खाटेजवळ आली. मला वाटलं, आता पुन्हा शाल. पण तिने मला दोन्ही हातांनी उचललं, तान्ह्या पोराला घेतात तसं, आणि ओल्या फडक्याने पुसलं. बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या. मग ओसरीवर पाटावर नेऊन उभं केलं. शेजारी विळे, खुरपी, कुदळ, फवारणीचा पंप. तिने मला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि गळ्यात, म्हणजे पोटरीला, झेंडूचा हार घातला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो पहिला मान. मी फुगून गेलो. घोटाळा झालाय हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

गोरक्ष कुबड्यांवर बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला. "आई, हे काय केलंस?"

"पूजा केली. तुला चालवतो तो. मंग अवजारच झालं ना?"

"अगं, मला आत्ता मनमाडला जायचंय!"

आता रंगूबाईच्याही ध्यानात आलं. त्या घरची रीत अशी की खंडेनवमीला पूजेला बसवलेल्या अवजाराला दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, जागचं हलवायचं नाही. तिने हातातलं ताम्हन खाली ठेवलं. पण ती म्हणाली, "मंग कुबड्या घेऊन जा."

"त्याने चालत ये म्हटलंय."

"नाय म्हणते ना! पूजा मोडायची नाय."

तेवढ्यात छाया बाजारातून आली. ओसरीवर नजर टाकताच तिने कपाळावर हात मारला. "आत्याबाई," सासूला ती आत्याबाई म्हणे, "पिकअपलाही आज हार घालायचा होता की. तिला बरी सूट दिली."

"ती धंद्याची गाडी हाय. तिची पूजा उद्या."

"म्हणजे देवाला धंदा कळतो, माणूस कळत नाही?"

"तू मधी बोलू नको!" रंगूबाई एवढ्या मोठ्याने ओरडली की कोंबड्या पांगल्या. मग ती पाटासमोर खाली बसली. "तुमाला काय ठावं? दोन सालामागच्या नवमीला हा सुट्टीवर होता. झेंडूवर अळी पडली. यानं पूजेतला पंप उचलला. मी म्हणलं, जाऊ दे, फुलं जातील. मीच म्हणलं. दोन महिन्यात याचा पाय गेला. मी कोणाला बोलले नाय. तवापासून घास गिळताना मला तो पंपच दिसतो."

गोरक्ष कुबड्या बाजूला टाकून तिच्याजवळ खाली बसला.

"आई, तोफ डागणाऱ्याला आपला पंप ठाऊक होता का गं?"

"मला काय म्हाईत."

"मग हिरामणने कोणता पंप उचलला होता?"

रंगूबाईने वर पाहिलं. तिने विचारलं, "गाडी किती वाजता?"

"बारा."

तिने डोळे पुसले, कुंकवाची कोयरी पुढे ओढली आणि अगदी फडात मजुरांना कामं सांगावीत अशा आवाजात म्हणाली, "पाय जागचा हलवायचा नाय. तू हिकडं सरक."

"काय?"

"तू पाटावर ये. बस त्याच्यापशी. तूबी पूजेला बस."

गोरक्ष सरकत पाटावर आला, विळे आणि पंपाच्या मध्ये. रंगूबाईने त्याच्या उरलेल्या पायाला हळदकुंकू लावलं. त्या पायाला तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हात लावला होता. त्याला मोजे चढवले, वाटीत बसवला आणि पट्टा आवळला. मग त्याच्या उजव्या, धडक्या पायालाही कुंकू लावलं. मी जागचा तसूभर हललो नव्हतो. तोच माझ्याजवळ आला होता.

"आता देवाचं देव बघंल," ती म्हणाली. "हार काढायचा नाय. कुंकू पुसायचं नाय. पूजा मोडली नाय, पूजा तुझ्यासंगं चालली. आन् मी बी येते, लक्ष ठेवाया."

छाया तोंड फिरवून हसली की रडली, मला दिसलं नाही.

तर अशी आमची वरात निघाली. छाया गाडी चालवतेय, मध्ये रंगूबाई मांडीवर नारळ घेऊन, आणि खिडकीशी गोरक्ष. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कारण वरून पँट ओढली तर हार चुरगळेल. मनमाडच्या फलाटावर लोक वळून बघत. एका म्हातारीने तर मला हात जोडले.

गाडी वेळेवर आली, पण आमचा अंदाज चुकला. आम्ही मागच्या टोकाला उभे, हिरामणचा डबा इंजिनाजवळ. "तुम्ही पुढं व्हा," गोरक्ष म्हणाला. छाया आणि रंगूबाई धावल्या. आम्ही चाललो.

फलाट हा काही झेंडूचा वाफा नव्हे. हमाल, बॅगा, चहावाले. सहाव्या डब्यापाशी मोज्यात ओलं लागलं. तो घाम नव्हता. गोरक्षचे दात आवळलेले मला वरून खाली, हाडातून, जाणवत होते. "चल रे," तो पुटपुटला, "चल माझ्या बायकोच्या पाया."

मी चाललो, मित्रांनो. चालण्यासाठीच मला बनवलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा चार मिनिटं उरली होती. खिडकीच्या गजांआड हिरामण टेकून बसला होता. गाल आत गेलेले, मान मात्र ताठ. त्याची बहीण सविता त्याला धरून होती. रंगूबाई आधीच डब्यात चढली होती, त्याच्या पायांशी वाकली होती.

"मावशी," हिरामण तिला म्हणत होता, "कुंकू लावलं का हो? मला कळत नाही, सांगत जा."

"लावलं, बाबा. दोन्ही पायांना लावलं," ती म्हणाली आणि तिथेच डोकं टेकवून राहिली.

हिरामणने खिडकीबाहेर पाहिलं. गोरक्ष म्हणाला, "मी फोन उचलत नव्हतो."

"ठाऊक शे मला. मी पण एवढ्यासाठीच करत होतो, तुला वाजतोय हे कळावं म्हणून."

"मी तुझ्यासमोर उभं राहू नये, असं वाटत होतं."

"येडा का खुळा? मी आख्खा उचललाय तुला. अर्धा बसून राहिलास, तर माझी पाठ फुकट गेली का?" त्याने मान लांबवली. "पण पाय कुठंय? मला नुसतं तोंडच दिसतंय. ते तर रोज आठवतं मला. मागं हो."

"आत्ता तर आलो जवळ."

"मागं हो म्हणतो ना!"

रंगूबाई उतरली. शिट्टी झाली. गोरक्ष खिडकीपासून एकेक पाऊल मागे सरकत गेला, पार फलाटाच्या मध्यापर्यंत. तेव्हा कुठे मी हिरामणला दिसलो: गव्हाळ, कुंकवाने माखलेला, पोटरीला झेंडूचा हार. तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "अरे, हा पाय आहे का नवरदेव!"

गाडी हलली. आम्ही तिच्या बाजूने चालू लागलो, जेवढं जमेल तेवढं. गजांमधून त्याचा हात बाहेर आला होता. तो टाटा करत नव्हता. बोटाने मोजत होता. एक, दोन, तीन. माझी पावलं मोजत होता.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. माझ्या पट्ट्याचं कातडं भेगाळलं आहे. टाच एका बाजूने झिजली आहे, नळीला चिखलाचे डाग आहेत, आणि कुंकवाचा लाल ठिपका वाटीच्या कडेला अजून आहे, कारण रंगूबाई तो पुसू देत नाही. आता मी बिनदिक्कत म्हणतो, मी एक जुना पाय आहे.

मित्रांनो, सगळं गोड झालं असं समजू नका. हिरामण अजूनही पडून आहे. गोरक्षचा हात अजूनही जेवता जेवता खाली जातो. मात्र आता बोटांना मी लागतो. रोज संध्याकाळी हिरामणचा फोन येतो आणि तो एवढंच विचारतो, "आज किती चाललो आपण?" गोरक्ष आकडा सांगतो. मग ते पिकाचं बोलतात, कोणाची तरी टवाळी करतात.

माझी विनंती एवढीच आहे. हार घाला, शाल द्या, मान कोणाला नको असतो? मीही फुगलो होतो. पण हार घालून आम्हाला कोपऱ्यात उभं करू नका. सत्काराला न्यायला जीप पाठवता, तशी दुसऱ्या दिवशीही एक फेरी मारा. फोन लावा. उचलला नाही तरी वाजू द्या.

काल हिरामणचा फोन आला नाही. आज गोरक्षने स्वतः लावला, तर तोही उचलला गेला नाही. मग सविताला लावला, ती म्हणाली, दादाचं मन आज ठीक नाही, भिंतीकडे तोंड करून पडलाय. गोरक्षने फोन ठेवला. मोजे चढवले, माझा पट्टा आवळला, छायाला म्हणाला, "चाळीसगावला जाऊन येतो."

तेव्हा मी आता बोलणं आवरतं घेतो. आम्हाला निघायचं आहे.